गोदामातल्या सुपरवायझरांचं ट्रेनिंग ‘इंटरॅक्टिव्ह’ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, गोदाम भिवंडीला. तुम्ही डिस्पॅचमधून नुकतेच ट्रेनिंगच्या कामावर आला आहात. गोदामातल्या २४ सुपरवायझर आणि चेकर मंडळींना माल उतरवून घेण्याच्या पद्धतीचं एक दिवसाचं ट्रेनिंग द्यायचं आहे. कुणी पंचविशीतला, कुणी निवृत्तीला आलेला. मागच्या वेळी बाहेरून आलेल्या ट्रेनरनं दिवसभर स्लाईड दाखवल्या आणि अर्धी माणसं पेंगली, म्हणून या वेळी ‘इंटरॅक्टिव्ह करा’ असं साहेबांचं फर्मान आहे. कोणते गेम घ्यावेत, गप्प बसणाऱ्यांना बोलतं कसं करावं, उपयोग झाला हे कशावरून कळणार, आणि हीच पद्धत पॉशच्या (कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या) सेशनला चालेल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

गेमचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी हे बघा की या कामाला ट्रेनिंग लागतंय का. तुमच्या लिहिण्यावरून मी असं धरते की साहेबांची खरी तक्रार क्लेमची, म्हणजे खराब मालाच्या भरपाईची, आहे: भिजलेला, फुटलेला, कमी आलेला माल क्लीन सही करून, म्हणजे कसलाही शेरा न मारता, उतरवून घेतला जातो, पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) रिमार्क नसतो, आणि महिन्याभरानं ट्रान्सपोर्टर हात वर करतो. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या दोघा ट्रेनिंग-तज्ज्ञांनी १९७० मध्ये अशा वेळी विचारायचा एक प्रश्न सांगितला होता: जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम करू शकेल का? करू शकत असेल, तर त्याला ते येतंय. ते होत का नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

म्हणून अर्धा दिवस डॉकवर, म्हणजे गाड्या खाली होतात तिथे, जाऊन उभे राहा. शक्यतो पाऊस असताना आणि महिनाअखेरीला, कारण पद्धत मोडते ती तेव्हाच. तीन गाड्या रांगेत, टोळी खोळंबलेली, आणि मॅनेजरचा फोन: “आधी गाडी खाली कर, बाकीचं नंतर बघू.” ड्रायव्हर डिटेन्शनच्या, म्हणजे गाडी अडकून पडल्याच्या, नावानं कटकट करतोय. चेकरच्या हातात क्लिपबोर्ड नाही, एलआरची (ट्रान्सपोर्टरच्या मालपावतीची) कॉपी ओली आणि तिच्यावर लिहायला दोन बोटं जागा. अशा वेळी तो क्लीन सही मारतो ते रिमार्क लिहिता येत नाही म्हणून नव्हे. वहीत मधोमध एक रेघ ओढा. डाव्या बाजूला शिकवून सुटेल ते, उजव्या बाजूला साहेबांनी सोडवायचं ते. उजवी बाजू जपून ठेवा, दिवसाच्या शेवटी तिचं काम आहे. आणि ती डावीपेक्षा लांब निघाली, तर ट्रेनिंगच्या आधी साहेबांशी बोला.

डाव्या बाजूतून दिवसाचं उद्दिष्ट काढा, एका वाक्यात. ‘इनवर्ड प्रक्रियेबाबत जागरूकता वाढवणे’ असलं वाक्य कुठल्याही कंपनीच्या कुठल्याही फाइलीत खपतं, म्हणजे ते कुणाच्याच कामाचं नाही. माणूस काय करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती चांगलं करील, या तीन गोष्टी वाक्यात असाव्यात, हे मेगरनीच १९६२ मध्ये लिहून ठेवलंय. तुमच्या बाबतीत ते असं होईल: ‘खराब माल घेऊन आलेल्या गाडीसमोर, ड्रायव्हर घाई करत असताना, सुपरवायझर खोकी मोजेल, खराब खोकी वेगळी काढेल, फोटो घेईल, क्लेममध्ये टिकेल असा रिमार्क लिहील आणि खाली ड्रायव्हरची सही घेईल.’ एका दिवसात अशी दोन, फार तर तीन वाक्यं बसतात. कंपनीचा इतिहास, व्हिजन-मिशन, एमडींचा व्हिडिओ हे सगळं काढून टाका. लोक ते ऐकून घेतील, पण सकाळचा उत्तम पाऊण तास त्यात जाईल.

आता मुख्य गोष्ट, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

प्रौढांच्या शिक्षणाबद्दल माल्कम नोल्स यांचं नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. १९७० पासून त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा की मोठ्या माणसाला आपण का शिकतोय हे आधी कळावं लागतं, त्याच्याकडे अनुभवाची शिदोरी असते, आणि त्याला समोर उभ्या असलेल्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं. बरोबरच आहे. पण मुंबईच्या आसपासच्या कारखान्यांत, गोदामांत, बँकांत मी जे बघते त्यात याहून मोठी एक गोष्ट असते: हसं होण्याची भीती. वीस-पंचवीस वर्षं डॉक सांभाळलेला चेकर आणि मागच्या वर्षी बीएमएस होऊन आलेला एक्झिक्युटिव्ह शेजारी शेजारी बसतात. प्रश्न विचारला, चेकर चुकला, तर ते हॉलमध्ये संपत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याची नक्कल होते. मग त्याला दोनच मार्ग उरतात, गप्प बसायचं किंवा विनोद करून वेळ मारून न्यायची. ट्रेनर त्याला ‘इंटरेस्ट नाही’ म्हणतो. इंटरेस्ट असतो, त्याला इज्जत सांभाळायची असते.

तेव्हा तुमचा प्रत्येक उपक्रम या एका कसोटीवर घासून बघा: यात एखादा माणूस चुकला तर ती चूक कुणाच्या नावावर जाईल? एकट्याच्या नावावर जाणार असेल तर उपक्रम बदला. चूक टेबलाच्या नावावर जाऊ द्या, चिठ्ठीच्या नावावर जाऊ द्या, नाटकातल्या पात्राच्या नावावर जाऊ द्या. मग माणसं मोकळी होतात.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा. पहिलं उत्तर कधीही तोंडी मागू नका. आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे, नाव न घालता. मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग टेबलावर, आणि त्यानंतर सगळ्यांसमोर. तिथेही ‘आमच्या टेबलाचं म्हणणं’ म्हणून सांगायचं. ही पायरी-पायरी वेळखाऊ वाटते, पण ‘कोण सांगेल?’ विचारून छताकडे बघत बसलेल्या २४ माणसांपेक्षा कमीच वेळ घेते. कुणालाही उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका. गोदामात असे चेकर असतात जे आकड्यांत कधी चुकत नाहीत पण वाचताना अडखळतात, आणि ते त्यांनी आजवर शिताफीनं झाकलेलं असतं. लिहायचं काम असेल तर टेबलावर लिहिणारा कोण, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

ज्येष्ठांना त्यांना येत नसलेलं विचारू नका, येत असलेलं विचारा. “काका, ट्रान्सपोर्टर कुठे कुठे चलाखी करतो ते सांगा,” म्हटलं की जे बाहेर येतं ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही: ओली खोकी थराच्या मध्ये लपवलेली, टेप नवी पण खोकं जुनं, सील ठीक पण कडी सैल. हे सगळं फ्लिपचार्टवर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आता ते शिकवणाऱ्यांच्या बाजूला आले. आणि हो, गोदामात ज्यांना सगळे काका म्हणतात त्यांना हॉलमध्ये ‘मिस्टर अमुक’ करू नका. एका वाक्यात हॉल परका होतो.

भाषेचंही तेच. तुमच्या २४ जणांत मराठी असतील, उत्तर प्रदेशातले असतील, एखादा गुजराती असेल. गोदामाची बोली मराठी-हिंदीची सरमिसळ आहे आणि शॉर्ट, डॅमेज, सील, खाली करणे, रिमार्क मारणे हे तिचे शब्द आहेत. तुम्ही तिथूनच आलात, त्यामुळे हे तुम्हाला फुकटात मिळालंय. ट्रेनर झालात म्हणून ‘इनबाउंड डिस्क्रिपन्सी’ म्हणायला लागू नका.

साहेब हॉलमध्ये बसणार असतील तर त्यांना नम्रपणे बाहेर ठेवा. सकाळी पाच मिनिटं बोलू द्या आणि थेट चार वाजता परत बोलवा. ते मागच्या खुर्चीत ‘नुसते बघायला’ बसले तरी खोली गोठते.

आता कामाचा भाग. गेमच्या जागी मी तुम्हाला हा एक व्यायाम सुचवते, सकाळचं सगळं सत्र यावरच घालवा.

सहा-सहाची टेबलं. प्रत्येक टेबलाजवळ अकरा खोकी, गोदामातलीच, आत रद्दी भरून टेप मारलेली. एकावर सकाळी पाणी शिंपडून ठेवा. एकाचा कोपरा दाबून टाका. एकाची टेप उघडून पुन्हा चिकटवा. चलनावर मात्र बारा नग लिहिलेले. सोबत एका खऱ्या एलआरची झेरॉक्स, पार्टीचं आणि ट्रान्सपोर्टरचं नाव काळं केलेली. टेबलावरच्या एकाला ड्रायव्हर करा, ड्रायव्हरांशी ज्याची सर्वांत जास्त वादावादी होते त्यालाच. त्याच्या हातात गुपचूप चिठ्ठी द्या: ‘तुला संध्याकाळी वाशीहून दुसरी गाडी भरायची आहे, उशीर झालाय. सही घेतल्याशिवाय हलायचं नाही. चहा पाज, गयावया कर, मालकाला फोन लाव, पण रिमार्क मारू देऊ नको.’ बाकीच्यांना फक्त इतकं सांगा: गाडी आलीय, दहा मिनिटांत माल घ्या.

आणि गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. ड्रायव्हर झालेला माणूस असा रंगतो की हसून मुरकुंडी वळते, आणि त्या हसण्यात कुणाला लक्षात येत नाही की अकराच खोकी आहेत. येऊ देऊ नका. कुणी ओल्या खोक्यात गुंततं, कुणी दाबलेल्या कोपऱ्याचा फोटो काढतं, मोजायचं राहून जातं. नेमकं हेच रोज डॉकवर होतं.

दहा मिनिटांनी प्रत्येक टेबलानं एलआरवर जे लिहिलं ते मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावा, टेबलाचा नंबर न घालता. साधारण असं काहीतरी दिसेल: ‘माल खराब.’ ‘३ बॉक्स डॅमेज.’ ‘माल तपासून घेण्याच्या अटीवर.’ एखाद्यावर नुसतीच सही. आता अकाउंट्समधून क्लेम बघणाऱ्या व्यक्तीला बोलवा. हे आधी ठरवून ठेवायचं, आणि त्यांना अंधेरीहून आणावं लागलं तरी आणायचं. त्यांनी भिंतीवरचा एकेक रिमार्क वाचून फक्त इतकंच सांगायचं: याचे पैसे मिळतील, याचे नाही, आणि का. ‘माल खराब’ म्हणजे किती नग, कसे खराब? ‘तपासून घेण्याच्या अटीवर’ हा तर सरसकट शिक्का. तो तुम्ही प्रत्येकच गाडीवर मारता हे ट्रान्सपोर्टरला ठाऊक आहे. तेच तुम्ही स्लाईडवर सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती. इथे पैसे गेलेले दिसतात.

मग टेबलांना चांगला रिमार्क त्यांचा त्यांना बांधू द्या. शेवटी तो बहुतेक असा काहीतरी येतो: ‘चलन १२ नग, मिळाले ११, १ कमी. १ ओला, १ दबलेला, १ ची टेप पुन्हा लावलेली, आतला माल मोजायचा बाकी. तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही.’ दोन ओळी. दोन बोटांच्या जागेत मावतात, हे त्यांनाच लिहून बघू द्या. मावत नसेल तर मागच्या बाजूला लिहून पुढे ‘मागे पाहा’ लिहायचं, ही युक्ती तुम्ही सांगण्याआधी कुणीतरी चेकरच सांगेल.

आणि आता खरा मुद्दा: हाच व्यायाम जेवणाआधी दुसऱ्यांदा घ्या. नवा ड्रायव्हर, नवी अडचण, समजा सील तुटलेलं आणि नग पूर्ण. बहुतेक ट्रेनर वेळ नाही म्हणून दुसरी फेरी गाळतात आणि त्या वेळात चर्चा लांबवतात. पहिल्या फेरीत माणसाला आपण काय चुकतो ते कळतं, बरोबर करायची संधी दुसऱ्या फेरीत मिळते. एकच फेरी घेतलीत तर तुम्ही त्यांना फक्त चुका दाखवून जेवायला पाठवलंत. चर्चा उरकावी लागली तरी चालेल, दुसरी फेरी होऊ दे.

चर्चेला तीन प्रश्न पुरतात: काय झालं, तसं का झालं, उद्या डॉकवर काय वेगळं कराल? क्रम बदलू नका. ‘का’पासून सुरुवात केली की माणसं बचाव करायला लागतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर तुमच्या जिभेवर नाचत असतं, तरी मोजा.

स्कॅनर वापरणं किंवा पॅलेट रचणं असं हातचं कौशल्य शिकवायचं असेल तर वेगळी, जुनी आणि अजून न हरलेली पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो उचलून धरला. त्यातल्या चार पायऱ्या: माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याला करायला लावा, मग पाठपुरावा ठेवा. लोक दुसऱ्या पायरीवर थांबतात. तिसरीत त्यानं नुसतं करायचं नाही, करताना प्रत्येक टप्पा का, हेही तोंडानं सांगायचं. एका स्कॅनरभोवती बारा जण उभे करून हे होत नाही. तिघांना एक स्कॅनर मिळत नसेल तर तो भाग त्या दिवशी घेऊच नका. आग विझवायच्या सिलिंडरचंही तसंच आहे. फायर ड्रिलला एकजण सिलिंडर मारतो आणि बाकीचे मोबाईलवर व्हिडिओ काढतात. पिन ओढायला किती जोर लागतो हे बघून कळत नाही.

गेमबद्दल. फुगे फोडणं, कागदाचे मनोरे, डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्च्यांतून चालणं, यांच्याशी माझं भांडण नाही, सहलीला जरूर खेळा. पण पन्नाशीच्या सुपरवायझरला सकाळी दहा वाजता फुगा फुगवायला लावलात की त्याच्या मनात तुमच्याबद्दलचं मत पक्कं होतं आणि ते दिवसभर उतरत नाही. ओळख करून घ्यायची असेल तर कामाचीच घ्या: ‘तुम्ही बघितलेली सगळ्यात वाईट हालत झालेली गाडी कोणती?’ दोघादोघांत दोन मिनिटं. हॉल आपोआप तापतो.

गेम विकायला येणारे एक चित्र हमखास दाखवतील: माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के आणि स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात ठेवतो, खाली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला खरा, पण त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले. ‘कुणी डोळ्यांनी शिकतो, कुणी कानांनी’ म्हणून तीन प्रकारचं ट्रेनिंग विकणाऱ्यांनाही असंच निरोपाचं हसून पाठवा. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी याचे पुरावे तपासले, तेव्हा तशी वाटणी करून शिकवल्यानं फायदा होतो असं म्हणण्याइतका आधार सापडला नाही. स्वतः करून शिकणं चांगलंच असतं, त्याला खोट्या आकड्यांची गरज नाही.

माणसांचे काही नमुने तुम्हाला भेटतील. सगळ्याची उत्तरं स्वतः देणाऱ्याला टेबलाचा वेळ सांभाळायचं काम द्या. ‘हे सगळं इथे ठीक आहे, डॉकवर असं होत नाही’ म्हणणाऱ्याला मात्र गप्प करू नका. दहातल्या आठ वेळा तो बरोबर असतो. त्याचं म्हणणं वहीतल्या त्या उजव्या बाजूला लिहून घ्या, सगळ्यांना दिसेल असं. आणि फोन वाजला तर वाजू द्या. गोदाम चालू आहे, कुणाची तरी गाडी आलेली असणार. फोन जमा करून घ्यायला ही शाळा नाही.

जागेचं: ट्रेनिंग अंधेरीला ठेवू नका. हॉल एसी आहे, प्रोजेक्टर आहे, हे सगळं मान्य. पण भिवंडीचा माणूस आधी ठाणं गाठणार, लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं चकाला, आणि पोचेपर्यंत त्याची अर्धी ताकद संपलेली. संध्याकाळी चारनंतर त्याचं लक्ष घड्याळाकडे असतं, त्यात त्याची चूक नाही. गोदामातच एखादी बे, म्हणजे मालाची जागा, मोकळी करून घ्या. दोन मोठे पंखे, टेबलं, भिंतीला कागद लावायला जागा, एवढं पुरे. तिथे प्रोजेक्टर नीट दिसत नाही, हा फायदाच समजा. सगळ्या २४ जणांना एकाच दिवशी काढलं तर डॉक बंद पडेल, म्हणून बारा-बाराच्या दोन तुकड्या करा, टेबलं दोन. दुपारच्या जेवणानंतर कुणालाही काहीही ऐकवू नका. तेव्हा लोकांना उभं करा: डॉकवर नेऊन नुकत्याच आलेल्या खऱ्या गाडीची तपासणी करायला लावा.

एक आडबाजूची गोष्ट. माल उतरवणारी टोळी माथाडींची असेल, म्हणजे १९६९ च्या कायद्याखाली मंडळात नोंदलेली, तर ते तुमच्या कंपनीचे नोकर नाहीत आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांची नावं नसतील. पण ओलं खोकं कुठे ठेवायचं हे शेवटी त्यांच्याच हातात असतं. मुकादमाशी आधी बोलून त्याला अर्ध्या तासासाठी पाहुणा म्हणून बोलवा आणि त्याचं ऐका. खराब नग गाडीतच वेगळे काढायचे की डॉकवर, यावर त्याचं आणि सुपरवायझरांचं एकमत त्या अर्ध्या तासात झालं, तर त्या दिवसाचं निम्मं काम तिथेच झालं.

ट्रेनिंग संपल्यावर विसरणं सुरू होतं. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच झपाट्यानं होतं, मग मंदावतं. त्यावरचा उपाय म्हणजे पुन्हा तेच ऐकवणं नव्हे, आठवायला लावणं. रोडिगर आणि कारपिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला आठवून बघणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. तुमच्याकडे याला एक रुपया लागत नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर एका फाटक्या खोक्याचा फोटो टाका: ‘रिमार्क काय माराल?’ मग आठवड्यानं दुसरा, पंधरा दिवसांनी तिसरा. उत्तर व्हॉइस नोटनं आलं तरी चालेल. फक्त ते तुमच्या खासगी नंबरवर मागवा. ग्रुपवर चुकीचं उत्तर आलं आणि कुणी हसण्याची इमोजी टाकली, की तो माणूस पुढच्या फोटोला उत्तर देणार नाही.

उपयोग झाला हे कसं कळेल? डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, धंद्यावर परिणाम झाला का. आपल्याकडचा फीडबॅक फॉर्म पहिल्या पातळीवर थांबतो, आणि तिथेही ‘जेवण छान होतं’ हेच जास्त निघतं. तुम्ही ट्रेनिंगच्या आधीच्या एका महिन्याच्या पीओडी काढा. क्लेम बघणाऱ्या त्याच व्यक्तीबरोबर बसून खराब माल आलेल्या गाड्यांपैकी किती पीओडींवर टिकणारा रिमार्क आहे ते मोजा. ट्रेनिंगनंतर एका महिन्यानं पुन्हा मोजा, तीन महिन्यांनी पुन्हा. एवढं मोजमाप बस झालं.

पण एक धोका आत्ताच साहेबांच्या कानावर घाला, ईमेलवर घाला. पहिल्या महिन्यात डॅमेजचा आकडा वाढलेला दिसेल. माल जास्त खराब व्हायला लागलेला नसतो, पूर्वी लिहिला जात नव्हता तो आता लिहिला जातोय. हे आधी सांगितलं नाही तर महिन्याच्या मीटिंगमध्ये कुणीतरी ‘ट्रेनिंगनंतर डॅमेज वाढलं’ म्हणेल, सुपरवायझरांना झाडलं जाईल, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा क्लीन सह्या सुरू.

पॉशला ही पद्धत जशीच्या तशी लावू नका. २०१३ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळानं कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारीच आहे, आणि त्यात संवाद हवाच. पण तिथे सहकाऱ्यांना छळ करणारा आणि छळ सोसणारी अशी पात्रं देऊन नाटक करायला लावणं मला अजिबात मान्य नाही. कुणाच्या आयुष्यात ते घडून गेलेलं असू शकतं, कदाचित त्याच हॉलमधल्या कुणामुळे. तिथे लेखी प्रसंग द्या, लहान गटांत ‘इथे बघणाऱ्यानं काय करावं?’ विचारा, आणि स्वतःचे अनुभव सगळ्यांसमोर सांगायला कधीही सांगू नका. अंतर्गत समितीच्या सदस्यांचे चेहरे लोकांना दिसू द्या, तक्रार कुणाकडे आणि कशी करायची हे प्रत्येकाच्या हातात कागदावर जाऊ द्या.

आता वहीतली ती उजवी बाजू. चार वाजता साहेबांना आत बोलवा, भाषणासाठी नव्हे. दिवसभरात जमलेल्या अडचणींतून टेबलांना तीन निवडायला सांगा आणि टेबलांच्या वतीनं कुणीतरी एकानं त्या वाचून दाखवाव्यात: प्रत्येक डॉकला क्लिपबोर्ड आणि न वाहणारं पेन, खराब माल असेल तर गाडी पंधरा मिनिटं थांबवण्याचा सुपरवायझरला अधिकार, रिमार्कसाठी छापील रबरी शिक्का, असं काहीही असेल. साहेबांनी निदान एकीला तिथल्या तिथे ‘हो, सोमवारपासून’ म्हणायला हवं. ती कोणती असेल याचा अंदाज तुम्हाला डॉकवर उभं राहिल्यापासून आलेला असतो, तेव्हा आदल्या दिवशीच त्यांच्याकडून होकार घेऊन ठेवा, आणि क्लिपबोर्ड असतील तर ते मागच्या खोलीत आणूनही ठेवा.